आधी जगरानीचं होऊ दे

कमलाताईला कुणी धीराची बाई म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या महाराष्ट्र मंडळात तर गणेशोत्सवात व्यासपीठावर बोलावून तिला शाल-नारळ द्यायचंही एकदा घाटत होतं. मी तिला दहा वर्षं ओळखते आणि सांगते, कमला रामटेकेइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही. पालीला भिते. साहेबांच्या घंटीला भिते. रिक्षा गोमतीच्या पुलावर चढली की दांडी घट्ट धरून डोळे मिटून घेते. दर सहा महिन्यांनी तपासणीला इस्पितळात जायचं असलं की आधीचे चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि घरातल्यांना वाटतं पोट बिघडलंय.

तिचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. चौऱ्याऐंशी सालच्या होळीपासून जूनपर्यंत आम्ही दोघींनी मिळून जे केलं, ते एकदा सरळ सांगून टाकायचं आहे.

कमलाताई मूळची नागपूरची. एका केंद्र सरकारी ऑफिसात यूडीसी, म्हणजे वरच्या श्रेणीतली कारकून. तिचे मिस्टर दिनकरराव रेल्वेच्या टपाल खात्यात, मुलगी कल्पना तेव्हा शाळेत. ऐंशी साली ते इंदिरा नगरात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायला आले. माझे मिस्टर शास्त्रज्ञ, एका सरकारी प्रयोगशाळेत. लखनौमध्ये मराठी माणूस भेटला की आम्ही दुसऱ्या दिवशी पोह्याला बोलावतो. रामटेक्यांना मी बोलवायला एक वर्ष घेतलं. त्यांच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसली होती, आणि मग मला दर रविवारी काही ना काही काम निघत गेलं. कारण दुसरं काही नव्हतं. याची मला लाज वाटते, आणि ती कमलाताईलाही मी एकदा बोलून दाखवली. ती म्हणाली, "मले माहीत होतं बाप्पा. तू पडद्यामागून पाहत होतीस न." आणि हसली.

तिचं ऑपरेशन ते इंदिरा नगरात येण्याच्या तीन वर्षं आधीचं, सत्त्याहत्तरचं, लखनौतच झालेलं. अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. दोन महिने तिने कुणाला सांगितलं नाही, मग दिनकररावांना सांगितलं, मग सगळं भराभर झालं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने नर्सला विचारलं, यातून उठलेली एखादी बाई मला दाखवता का? नर्स म्हणाली, अशा बायका परत इथे कशाला येतील? रात्रभर कमलाताई हाच विचार करत राहिली की नर्स खरं बोलली की अशी बाई मुळी नाहीच. ऑपरेशन झालं, मग पंचवीस दिवस शेक घेतला. त्या किरणांना तिथे सगळे सिंकाई म्हणतात. बरी झाल्यावर सव्वा वर्षाने एका रविवारी दुपारी चार वाजता, भेटायच्या वेळेत, ती बायकांच्या वॉर्डात जाऊन उभी राहिली. "मला बघा, मी ती बाई," एवढंच तिला सांगायचं होतं.

त्यापुढे तिचा रविवार कधी चुकला नाही. वॉर्डातल्या आया तिला 'इतवारवाली बहनजी' म्हणायला लागल्या. हळूहळू बऱ्या झालेल्या आणखी चारपाच जणी येऊ लागल्या. संस्था नाही, पावती नाही, अध्यक्ष नाही. मी त्यात शिरले ती शिलाईमुळे. ऑपरेशननंतर ब्लाउजची एक बाजू रिकामी पडते, बाई खांद्यावरून पदर ओढून वाकडी चालायला लागते. मी त्या जागी बसतील अशा छोट्या गाद्या जुन्या सुती साड्यांच्या शिवायचे, आत कापूस, आणि वजनासाठी मोहरी. पहिल्या पावसाळ्यात घामाने मोहरीला मोड आले आणि एका बाईने भर वॉर्डात हिरवी गादी काढून दाखवली. तेव्हापासून मी मोहरी भाजून घ्यायला लागले.

पण कमलाताईचं खरं काम पडद्याआड चालायचं. ऑपरेशनला घाबरलेली बाई असली की ती तिला कापडी पडद्यामागे न्यायची, ब्लाउजची बटणं काढायची आणि व्रण दाखवायची. नुसता दाखवायची नाही, त्या बाईचा हात धरून त्यावर ठेवायची. "छूकर देखो. दुखता नहीं." अशी ही बाई, जी घरात दार लावल्याशिवाय केस विंचरत नाही. मग त्या बायकांचे प्रश्न. जातं ओढता येतं का? मूल कडेवर घेता येतं का? नवरा काय म्हणाला? आणि शेवटी सगळ्या एकच विचारायच्या, किती वर्षं झाली? कमलाताई म्हणायची, तीन साल. मग चार साल, पाच साल. तो आकडा सांगताना तिचा चेहरा खुलायचा. बायका तो आकडा ऐकून ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा उठवायच्या.

ब्याऐंशी साली आमच्यातली सुचित्रा गेली. शाळेत शिकवायची, गोड बोलायची, आमच्याबरोबर दोन वर्षं वॉर्डात येत होती. तिचा रोग उलटला आणि तीन महिन्यांत खेळ संपला. ती बातमी रविवारच्या आधी वॉर्डात पोहोचली. आम्ही गेलो तेव्हा दोन खाटा रिकाम्या होत्या. दोघी बायका ऑपरेशन न करता बोचकं उचलून निघून गेल्या होत्या, एक उन्नावकडची, एक सीतापूरची. उन्नावची आठ महिन्यांनी परत आली ती उचलून आणलेली. कमलाताईने तिला पाहिलं आणि घरी येऊन माझ्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "पाहिलं नीला? आपल्यापैकी एक गेली तर दोघी तिच्यामागे जातात." तेव्हा मी तिची समजूत घातली. मला काय ठाऊक, हे वाक्य तिने मनात कुठे नेऊन ठेवलंय.

चौऱ्याऐंशीच्या होळीच्या आधीच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी करंज्या तळत होते. तिने गॅस बंद केला, मला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"हात दे तुझा."

तिने माझी बोटं व्रणाच्या वरच्या टोकाशी, काखेजवळ ठेवली. "काही लागून राहिलं का तुले?"

ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. किंवा लागलं नाही. मी हात काढून घेतला. मी म्हणाले, "टाक्याची गाठ असेल. उद्या जाऊन दाखवू."

"उद्या नाही."

"मग परवा?"

"आधी जगरानीचं होऊ दे," कमलाताई म्हणाली.

जगरानी कोण ते सांगायला हवं. मलिहाबादकडची बाई, पन्नाशीला आलेली, काटक, आंब्याच्या बागेत मजुरी करणारी. त्याच महिन्यात वॉर्डात दाखल झाली होती. उजव्या छातीत लिंबाएवढी गाठ. डॉक्टर म्हणाले होते, अजून वेळ आहे, लगेच काढून टाकू. पण ती कापायला तयार होईना. कुणी समजावायला गेलं की तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. कमलाताईने दोन रविवार घालवले तेव्हा कुठे ती एवढं म्हणाली, "तुमका देखित है तौ तनिक हिम्मत होत है." तुला पाहिलं की जरा हिंमत येते. होळी घरी करून ती परत येणार होती, आणि चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यात ऑपरेशन ठरलं होतं.

"ती माझ्या भरवशावर आहे," कमलाताई मला म्हणाली. "मलेच परत झालं असं कळलं तर ती कायले कापून घेईल? सुचित्राच्या वेळी काय झालं तुले आठवते न? फक्त महिनाभर, नीला. तिचं झालं की दुसऱ्या दिवशी मी जाते."

मी वाद घातला. रागावलेही. दिनकररावांना सांगते म्हणाले. तिने मला कुठल्या देवाची शपथ घातली नाही, ती देव मानत नाही. ती एवढंच म्हणाली, "तू सांगणार नाहीस. म्हणून तर तुले सांगितलं." आणि बटणं लावून निघून गेली. मी करंज्या तळायला परत उभी राहिले आणि पहिला घाणा जाळला.

होळी झाली आणि जगरानी परत आली नाही. तिच्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला: बागेला मोहोर चांगला धरलाय, फळ उतरल्यावर येईन. तिकडचा दसहरी आंबा उतरतो जूनमध्ये. मी मनात हिशेब केला, होळीपासून तीन महिने. जगरानीने आंब्यासाठी ऑपरेशन पुढे ढकललं आणि कमलाताईने जगरानीसाठी स्वतःचं. दोघींच्या गाठी काही कुणासाठी थांबणार नव्हत्या.

एप्रिलमध्ये कमलाताईने तिला तीन पोस्टकार्डं टाकली. दिनकरराव ती स्वतः ऑफिसात नेऊन टपालात घालायचे. आपल्या बायकोच्या हातून किती मोलाचा वेळ सुटून चाललाय याचा त्या माणसाला पत्ता नव्हता, आणि मला होता. उत्तर एकालाही आलं नाही.

त्या दिवसांत मला झोप लागेना. कमलाताई आमच्या फाटकातून आत आली की मी आधी तिच्या डाव्या हाताकडे बघायचे, तो पूर्ण वर जातो की नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना तिला चोरून बघायचे. दर दोन-चार दिवसांनी विचारायचे, "वाढली का?" ती म्हणायची, "तेवढीच आहे." मे महिन्यात एकदा मीच हट्टाने हात लावला. ज्वारीचा दाणा आता हरभरा झाला होता. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि आम्ही दोघी गाद्यांची पिशवी घेऊन वॉर्डात गेलो. पडद्याआड ती हल्ली व्रण दाखवत होती, पण बाईचा हात धरून तो खालच्या टोकालाच ठेवायची, वर सरकू द्यायची नाही. "कितने साल हुए, बहनजी?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "सात." बाहेर मी पिशवीला घट्ट धरून उभी असायचे. वाटायचं, आत्ता पडदा सारून आत जावं आणि ओरडून सांगावं. नाही सांगितलं. तिच्या मैत्रीचा मान राखला असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे ती माझ्यावर रागावेल याची मला भीती वाटत होती. बाकी काही नाही.

एकदा भाजीच्या ठेल्यावर दिनकरराव भेटले. तोंडली निवडता निवडता म्हणाले, "नीलाताई, कमलाचं काही बिनसलं आहे का हो? जेवत नाही. तपासणीची तारीख गेली म्हणालो तर म्हणते, डॉक्टर सुट्टीवर आहेत." कल्पना बरोबर होती. ती आमच्याशी कधी मराठीत बोलत नाही, समजतं सगळं. ती माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "आंटी, मम्मी ठीक हैं ना?"

"हाँ बेटा, ऑफिस का काम बढ़ गया है," मी म्हणाले. एवढं सराईत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. घरी आल्यावर कळलं की भाजीचे पैसे दिले आणि भाजी ठेल्यावरच विसरले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी कमलाताईला निर्वाणीचं सांगितलं. या रविवारी आपण मलिहाबादला जायचं, जगरानीला आणायचं. ती आली तर ठीक, नाही आली तरी सोमवारी मी तुझ्या नवऱ्याला सांगणार. कमलाताई म्हणाली, "चाल."

कैसरबागेतून बस धरली. तापलेल्या वाऱ्याची लू चालू होती, खिडकीची पत्र्याची कड हाताला भाजत होती. कमलाताईने डावा हात मांडीवर ठेवला होता आणि उजव्या हाताने तो धरला होता, सगळा रस्ता. मलिहाबादला उतरून तीन मैल एक्क्यातून. मग दोन्ही बाजूंना बागाच बागा, आणि त्या उन्हातही आत काळोखी सावली.

जगरानी एका झाडाखाली आंब्यांच्या ढिगाशी बसली होती. तिचं काम मजेशीर होतं. झाडावरून उतरलेला प्रत्येक आंबा ती हातात घ्यायची, अंगठा एकदाच फिरवायची आणि तीनपैकी एका ढिगात टाकायची: एक दिल्लीला जायचा, एक अढीत घालायचा, एक आतून बिघडलेला. वरून हिरवागार, चकचकीत आंबा ती तिसऱ्या ढिगात टाकायची. बागेचा ठेकेदार म्हणाला, चाळीस वर्षांत हिचा अंगठा चुकलेला नाही, कापून बघा. मी एक कापून पाहिला. कोयीभोवती काळा होता.

आम्हाला पाहून ती उठली, गूळपाणी दिलं. पोलक्याखाली उजवी बाजू आता मला नुसती बघूनही कळत होती. कमलाताईने विषय काढला तसा जगरानीचा चेहरा बंद झाला. "फसल उतरि जाय," ती म्हणाली. आधी फळ उतरू दे. कमलाताई म्हणाली, फसल संपत आली. मग जगरानी म्हणाली, सून बाळंत होणार आहे. मग म्हणाली, बैल आजारी आहे. मग कारणं संपली आणि ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "डेरात हन, बहिनजी." भीती वाटते.

कमलाताईने तिचा हात धरला आणि तिला राखणदाराच्या झोपडीत नेलं. मी दाराशी उभी. आत काय चाललंय ते मला दिसत होतं. कमलाताईने नेहमीसारखी बटणं काढली, जगरानीचा हात घेतला आणि व्रणाच्या खालच्या टोकावर ठेवला. "छूकर देखो. सात साल हो गए."

पण जगरानी ही वॉर्डातली बाई नव्हती. तिचा अंगठा आपल्या सवयीने चालला. खालून वर, सावकाश, न थांबता, आणि काखेपाशी येऊन थांबला. मागे गेला. पुन्हा तिथेच आला.

"बहिनजी, ई का है?"

"कुछ नहीं. पुराना टाँका है," कमलाताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"टाँका अइस नाहीं होत." जगरानीने कमलाताईचा हात ओढून आपल्या पोलक्यावर दाबला. "पूस मा हमार अइसनै रहा." पौषात माझी अशीच होती.

कमलाताई खाली बसली. मला वाटलं, संपलं. आता ही म्हणेल, कापूनही परत येतं तर कशाला कापायचं, आणि दोघीही हातच्या जातील. मी चौकट धरून उभी होते.

"काटे के बाद फिर आय गवा?" जगरानीने विचारलं.

"आता है कभी-कभी."

"तुमका मालूम नाहीं रहा?"

कमलाताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नहीं."

जगरानी बाहेर गेली, मातीने चोळून हातावरचा आंब्याचा चीक काढला, हात धुतले, सुनेला हाक मारून काहीतरी सांगितलं आणि एक लुगडं बोचक्यात बांधून आली. "चलौ. तुम देखइहौ तौ हमहूँ देखाउब." तू दाखवणार असशील तर मीही दाखवते. तिने मागे वळून ढिगाकडेसुद्धा पाहिलं नाही. बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या. एकमेकींचा हात धरला होता, आणि कुणी कुणाला नेतंय ते मला सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी कमलाताईने दिनकररावांना सांगितलं, माझ्यादेखत. दिनकरराव उठून आत गेले आणि तिच्या तपासणीचे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावत बसले. माझ्याशी मात्र ते पुढे वर्षभर बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

इस्पितळात दोघींना एकाच दिवशी तपासलं. कमलाताईचा रोग परतला होता, पण तेवढ्याच जागेत. काढता येईल, मग सिंकाई. जगरानीची गाठ आता छातीच्या हाडाला धरून बसली होती, काखेतही पसरली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता चाकू लावून उपयोग नाही, सिंकाईने जमेल तेवढं आटोक्यात ठेवू. "अप्रैल में आ जातीं तो बात और थी." ते सहज म्हणाले. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले आणि तिथेच बसून रडले.

आपण आता बऱ्या होणार नाही हे जगरानीला कळलं होतं की नाही, मला नक्की सांगता येत नाही. पण पुढचे महिने ती वॉर्डाची राणी होती. इतवारवाल्या बहनजीचा रोग डॉक्टरच्या आधी आपण पकडला, हे ती येईल त्या बाईला सांगायची आणि अंगठा वर करून दाखवायची. बायका हसायच्या, तिच्याकडून स्वतःच्या गाठी तपासून घ्यायच्या. कमलाताईचं परत आलं म्हणून एकही बाई पळाली नाही. उलट विचारायच्या, दुसऱ्या वेळी कमी दुखलं का? कमलाताई ऑपरेशन होऊन, शेक घेऊन, सप्टेंबरात पुन्हा रविवारी यायला लागली. पण जगरानीने अंगठा दाखवला की ती दुसरीकडे बघायची. घरी आल्यावर म्हणायची, "मी तिले खोटं सांगितलं, नीला. ती उगाचच अभिमान बाळगून राहिली." मी म्हणायचे, बाळगू दे, तेवढंच सुख. या वेळीही मी चुकलेच.

जानेवारीत जगरानीचा श्वास लागायला लागला. तिला मलिहाबादहून पुन्हा आणलं होतं, खिडकीजवळच्या खाटेवर. रविवारी आम्ही गेलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती, कांबळं गळ्यापर्यंत. कमलाताई खाटेवर तिच्या पायांशी बसली आणि मला काही कळायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. की झोपडीत ती खोटं बोलली. की गाठ तिला होळीच्या आधीपासून माहीत होती. की जगरानीला कळलं तर ती कापून घेणार नाही, म्हणून तीन महिने तिने ती लपवली, फक्त जगरानीसाठी.

जगरानीने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. रागाने नाही. तिला खरोखर समजत नव्हतं, असं मला वाटलं.

"होरी से जानत रहिउ?"

कमलाताईने मान डोलावली.

"तौ बतायो काहे नाहीं?" दम लागत होता, ती एकेक शब्द थांबून बोलत होती. "तुम तौ ठीक होइ गई रहिउ, तुमका का मालूम हमार डेर. हम समझेन, हमहीं अकेल हन." तू तर बरी झालेली, तुला माझी भीती काय कळणार; मला वाटलं, मी एकटीच आहे. तिने श्वास घेतला. "तुम्हरे संगे तौ हम चैतै मा चली आइत."

तुझ्याबरोबर तर मी चैत्रातच आले असते.